शेपूट आल्याशिवाय

घाटातून मोटरसायकलींची रांग नेणं आणि शेळ्या हाकणं यात फरक एवढाच, की शेळ्या वळणावर थांबून स्वतःचे फोटो काढत नाहीत. हे ठिणगीचं मत. तिला प्रत्येक गोष्टीबद्दल मत असायचं आणि कोणी विचारायच्या आत ते देऊन मोकळी व्हायची, म्हणून तर हे नाव पडलं. दहावीत गणिताच्या बाईंशी वाजलं तेव्हा दप्तर उचलून घरी आली, ती आलीच. आईने कपाळाला हात लावला. दादाने एका शब्दाने विचारलं नाही. तिच्या हातात पाना दिला आणि गॅरेजमधल्या उघड्या इंजिनाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून गॅरेज दोघांचं.

आता गेलं वर्षभर ते तिच्या एकटीचं होतं.

रॅलीच्या सकाळी तिने गाडीची चेन बोटाने दाबून पाहिली, टायर चाचपले, ब्रेक ओढून पाहिला. मग परत पहिल्यापासून सगळं तसंच केलं. दादा म्हणायचा, पहिल्यांदा हात बघतात, दुसऱ्यांदा डोकं बघतं. आई पुढच्या खोलीच्या दारात उभी होती. तिच्या डोक्यावर दिवा जळत होता, भर सकाळी. दादा परत आला नाही त्या दिवसापासून तो दिवा रात्रंदिवस चालू होता. मध्ये एकदा दिवा उडाला, तर शेजाऱ्यांना हाक न मारता आईने स्वतः स्टुलावर चढून नवा लावला. पोरगा येईल तेव्हा दारात अंधार नको, एवढंच म्हणायची. दिवस घालायचे का, असं एका मावशीने विचारलं होतं. ती मावशी पुन्हा घरी आली नाही.

"जाऊ नको म्हटलं तर ऐकणार नाहीस," आई म्हणाली.

"नाही."

"मग घेऊन ये त्याला. जसा असेल तसा."

ठिणगीने मान हलवली आणि हेल्मेट डोक्यात घातलं. रडायचं असेल तर हेल्मेटसारखी जागा नाही.

त्यांच्या रॅलीचे नियम साधे होते आणि दगडावरच्या रेघेसारखे पक्के होते. सगळ्यात पुढे असतो तो मुंडी. ते मास्तर. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे, आणि अर्धं शहर आपल्यामुळे जिवंत आहे असं त्यांना वाटायचं. सगळ्यात मागे असते ती शेपूट. कुठे फाटा आला, की मुंडीच्या मागचा जो असेल त्याने तिथे कडेला थांबायचं आणि हात लांब करून रस्ता दाखवायचा. तो झाला खांब. सगळी रांग त्याच्या समोरून जाते. शेवटी शेपूट येते, दोनदा हॉर्न वाजवते, हात वर करते, की खांब सुटला. मग त्याने गाडी काढून शेपटीच्या पुढे लागायचं. शेपूट आल्याशिवाय खांब हलत नाही. गारा पडोत, नाहीतर दरड पडो. आणि मुक्कामाला किंवा चहाला थांबलं, तरी शेपूट पोचल्याशिवाय कोणी हेल्मेटचा पट्टा सोडायचा नाही. मास्तर स्वतः घामाने निथळत उभे राहायचे, पण पट्ट्याला हात नाही.

दादा कायम शेपूट असायचा. म्हणायचा, पुढे राहून सगळ्यांना डोंगर दिसतो, मागे राहून मला माणसं दिसतात. शेपटीच्या मागे कोण असतं, असं ठिणगीने एकदा विचारलं होतं. कोणी नसतं, तो म्हणाला. आरसा रिकामा असला म्हणजे समजायचं, सगळे पुढे आहेत.

गेल्या वर्षी परतीच्या दिवशी, घाट उतरताना, दादा आला नाही. जुना रस्ता आणि नवा रस्ता जिथे फुटतो तिथे बेकरीवाले काका खांब होते. रांग गेली, धुकं आलं, शेपूट काही येईना. काका अंधार पडेपर्यंत हात लांब करून उभे होते. शेवटी मास्तरांनी वर जाऊन त्यांना जवळजवळ ओढून खाली आणलं. नंतर दोर लावून दरीत उतरले, ओढे धुंडाळले, दोन्ही बाजूच्या गावांतून विचारलं. माणूस सोडा, गाडीचा एक आरसादेखील सापडला नाही.

म्हणून या वर्षी शेपूट कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा ठिणगीने हात वर केला.

पहिला दिवस चढाचा. रस्ता डोंगराला सालीसारखा गुंडाळलेला. एका वळणावर डावीकडे दरी, पुढच्या वळणावर उजवीकडे. गाडी झुकवली की पायाखालचा डांबराचा पट्टा वर येतो, सरळ केली की आभाळ. ओल्या दगडाचा वास, गरम ब्रेकचा वास, मध्येच सावलीतून गेलं की मानेवर गार हात ठेवल्यासारखं. वर चढावं तसं खालचं खोरं हिरव्यातून निळं होत गेलं. वर वळणावळणाने जाणारी रांग खालून दिसायची, लाल दिवे एकामागून एक कड्याआड जात. ठिणगीला सगळे मागच्या दिव्यावरून ओळखता यायचे. आपण कशासाठी आलोय हे ती क्षणभर विसरली आणि मग स्वतःवरच चिडली.

दगडखाणीच्या फाट्यावर खांब नव्हता.

ती थांबली. दोन्ही रस्ते सारखेच दिसत होते. हॉर्न वाजवला, कोणी नाही. खाली उतरून चिखलातल्या टायरच्या खुणा पाहिल्या, एक रस्ता निवडला आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवतच पुढे गेली. पाणी प्यायला सगळे थांबले होते तिथे तिने आधी दातवाल्याला गाठलं. हा दातांचा डॉक्टर या वर्षी नवीन आलेला, जॅकेट कोरं करकरीत. त्या फाट्यावर खांब तोच होता. तिने सगळ्यांसमोर त्याची सालं काढली. दात उपटणं सोपं असतं, पेशंट खुर्चीत बांधल्यासारखा बसलेला असतो, इथे माणसं दरीत जातात, वगैरे वगैरे.

तो बिचारा गोंधळला. "अगं, तूच तर सोडलंस मला. दोनदा हॉर्न दिलास, हात केलास."

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, डॉक्टरसाहेबांनी भुलीचं औषध स्वतःच घेतलंय वाटतं. ठिणगीही तोंडदेखलं हसली. थापाड्या, मनात म्हणाली, आणि सोडून दिलं.

दुसरा फाटा दगडी पुलाचा. तिथे बेकरीवाले काका खांब होते, आणि काका म्हणजे खांबांचा खांब. जागा सोडून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उभ्या उभ्या खिशातला टोस्ट खायचे, त्यामुळे ते जिथे उभे असतील तिथल्या कठड्यावर चुरा पडलेला असायचा.

चुरा होता. काका नव्हते.

तिने हातमोजा काढून चुऱ्यावर बोट ठेवलं. कोरडा, ताजा. मुंग्यादेखील लागल्या नव्हत्या. म्हणजे काका आत्ता, तिच्या जरासे आधी इथून गेले होते. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने गाडी पिळली, वळणं कापत सुटली, पुढे कोणीतरी दिसेल म्हणून. प्रत्येक वळणाआड नुकताच कोणीतरी गेल्यासारखा धूर होता. जळक्या तेलाचा, किंचित गोडसर. तो वास तिला माहीत होता, पण कुठला ते आठवेना. म्हणजे आठवत होतं.

मुक्कामाच्या ठिकाणी ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती आणि सगळे बिनहेल्मेटचे होते. मास्तरसुद्धा. चहाचे ग्लास अर्धे झाले होते.

ती गाडीवरून उतरलीच नाही. मास्तरांना म्हणाली, नियम फक्त गरिबांना का? मास्तर चक्रावले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या गाडीकडे पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या वळणाकडे पाहिलं. मघाशीच तू आलीस की, म्हणाले. दिवा त्या वळणावर दिसला, मी म्हटलं आली शेपूट, आणि पट्टा सोडला. मग वाटलं तू बाहेरच कुठे थांबलीस.

"कसला दिवा?" तिने विचारलं.

"दिवा म्हणजे दिवा. पिवळा."

तिच्या गाडीचा दिवा पांढरा होता. त्याचा उजेड तिथेच, मास्तरांच्या पोटावर पडला होता.

बेकरीवाले काका बाकावरून उठून जवळ आले. त्यांना तिच्यावर ओरडायचं नव्हतं, उलट काळजी वाटत होती, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ते हळूच म्हणाले, "पोरी, तुझा हॉर्न एकदा बघून घे. बसलाय. पुलावर वाजवलास तेव्हा सर्दी झालेल्या बदकासारखा वाजला."

तसा हॉर्न ठिणगीच्या ओळखीचा होता. दादाची गाडी धुताना तिनेच एकदा हॉर्नमध्ये पाणी घातलं होतं. तेव्हापासून तो तसाच वाजायचा. बदलू म्हटलं की दादा म्हणायचा, राहू दे गं, लोक हसत हसत बाजूला होतात.

तिने अंगठ्याने स्वतःचा हॉर्न दाबला. खणखणीत वाजला. काकांनी तो ऐकला आणि ते खाली बसले. त्यांच्या हातातला टोस्ट चहात बुडून तुटला, तरी ते ग्लासात बघत राहिले.

जेवणाआधी मास्तर तिला व्हरांड्यात गाठून म्हणाले, की सकाळी उजेडात मोठ्या रस्त्याने लांबून जाऊ, घाट नकोच. ती नको म्हणाली. ते म्हणाले, मग शेपूट म्हणून मी राहतो. तरी ती नको म्हणाली. तिने सगळं डोक्यात मांडून ठेवलं होतं, इंजिन उघडल्यावर भाग क्रमाने फडक्यावर मांडतात तसं. दिवसभर ती धावत होती ती चुकीच्या बाजूला. शेपटीच्या मागे कोणी नसतं. ती स्वतःच खऱ्या शेपटीच्या मागे होती, म्हणून तिला काही दिसलं नाही. शेपूट भेटते ती फक्त खांबाला.

"गेल्या वर्षी जुन्या रस्त्याच्या फाट्यावरचा खांब तुम्ही काढून नेलात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मास्तरांना ते जास्त लागलं असावं. "त्यानंतर शेपूट आली असेल, तर तिने बघायचं कुणाकडे? उद्या तिथे मी उभी राहणार."

"आणि तुझ्या मागे शेपूट कोण?"

"आहे की. आज होती ना."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. व्हरांड्याच्या कठड्यावरचा रंग नखाने काढत राहिले. मग म्हणाले, अंधार पडला तर मी येईन. ती म्हणाली, आलात तर या वेळी एकटेच परत जाल.

दुसऱ्या दिवशी उतार. सकाळ स्वच्छ होती, खोरं तळापर्यंत दिसत होतं, आणि तरी रांगेत कोणी फोटोला थांबलं नाही. गोष्ट सगळ्यांपर्यंत गेली होती. दातवाला जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला. दुपारी ढग कड्यावरून खाली घसरले आणि रस्त्यावर येऊन बसले. फाटा जवळ आला तेव्हा ठिणगीने मागची जागा सोडली. एकेकाला बाजूने ओलांडत ती पुढे गेली, मास्तरांच्या मागच्या दिव्याला जाऊन लागली. फाट्यावर मास्तरांनी हात केला. ती थांबली.

जुना रस्ता उजवीकडे, गवत उगवलेला, तोंडाशी दोन गंजलेली पिंपं. नवा डावीकडे. तिने हात लांब करून डावीकडे धरला.

रांग समोरून गेली. प्रत्येक जण जाताना तिच्याकडे एकदा बघायचा. काका शेवटचे होते. त्यांनी खिशातून टोस्ट काढून कठड्यावर ठेवला आणि गेले. त्यांचा लाल दिवा धुक्यात विरघळला, इंजिनाचा आवाज दोन वळणं खालून आला, मग एकच, मग नाही.

ती उभी राहिली.

हात भरून आला तेव्हा तिने तो दुसऱ्या हाताने खालून धरला. हात खाली गेला तर खांब कसला? हेल्मेटच्या काचेवर पाणी साचून ओघळत होतं. झाडं टपटपत होती. धुकं इतकं दाट झालं की ती पिंपंसुद्धा दिसेनाशी झाली. मग बोटं दिसेनाशी झाली. हात आहे हे फक्त दुखण्यावरून कळत होतं.

घाबरली होती का? होती. पण भीतीपेक्षा हट्ट मोठा होता. लहानपणी दादाने शाळेच्या फाटकापाशी थांब म्हटलं होतं, आणि तो विसरला, तर संध्याकाळपर्यंत ती तिथेच उभी होती. शिपायाने घरी सोडतो म्हटलं, तर त्याला चावली होती. शेवटी दादा धावत आला. आलाच होता ना.

"ये," ती हेल्मेटच्या आत म्हणाली. "मी हलणार नाही. तुलाच यावं लागेल."

झाडांचं टपटपणं थांबलं.

धुक्यात कुठेतरी एक इंजिन होतं. कधीपासून होतं कोण जाणे. धपधप धपधप, मध्येच एक ठोका गाळणारं. तो गाळलेला ठोका तिला कधीच सापडला नव्हता. दोघांनी मिळून इंजिन उघडलं होतं, बसवलं होतं. तरी गाळायचंच.

आवाज जवळ आला. रांग उतरली त्या रस्त्यावरून नाही. उजवीकडून, पिंपांच्या मागून, गवतावरून.

पिवळा दिवा दिसला.

तो तिच्यापासून गाडीभर अंतरावर थांबला. दिव्यामागे काही दिसत नव्हतं. जळक्या तेलाचा वास आला, आणि त्याच्या खाली दुसरा एक, ओल्या मातीचा, खूप खोल खणल्यावर येतो तसा.

दोनदा हॉर्न वाजला. बदकासारखा.

दिव्याच्या वर, धुक्यात, एक हात उठला.

ठिणगीने हात खाली घेतला. तो इतका आखडला होता की क्लच दाबताना दुसऱ्या हाताने बोटं वळवावी लागली. तिने विचारायचे प्रश्न वर्षभर पाठ केले होते. एकही आठवला नाही. नियम आठवला. खांबाने गाडी काढायची आणि शेपटीच्या पुढे लागायचं. ती पुढे लागली.

सगळा घाट तिने वेग न वाढवता उतरला. आरशात पिवळा ठिपका होता. वळणावर जायचा, सरळ रस्त्यावर परत यायचा. अंतर तेवढंच. दादा असाच चालवायचा, पुढच्याला घाई वाटू नये म्हणून.

पायथ्याच्या पेट्रोल पंपावर सगळे थांबले होते. हेल्मेटं डोक्यात, पट्टे आवळलेले, कोणी बसलेलं नाही. इथे धुकं नव्हतं, संध्याकाळचा स्वच्छ उजेड होता. तिने गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं.

मागे आणखी एक इंजिन बंद झालं.

कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. सगळे तिच्या खांद्यावरून मागे बघत होते. मग मास्तरांचा हात हनुवटीकडे गेला. टक्. काकांचा पट्टा, टक्. दातवाल्याचा. टक्, टक्, रांगेच्या टोकापर्यंत. शेपूट पोचली होती.

सगळ्यात शेवटी तिच्या मागे आवाज झाला. तो टक् असा नव्हता. दादाचं हेल्मेट जुनं, पट्ट्याला दोन लोखंडी कड्या. त्यातून पट्टा ओढून काढावा लागायचा. खर्र. थांबून, पुन्हा खर्र.

दातवाल्याने तोंड फिरवलं. काका खाली बसले.

मास्तर दोन पावलं पुढे आले. शिकाऊ पोरांवर खेकसणारा त्यांचा आवाज, तो इतका मऊ होऊ शकतो हे ठिणगीला माहीत नव्हतं. ते तिच्याशी बोलत नव्हते.

"राहू दे रे," ते म्हणाले. "नको काढूस. असू दे डोक्यात."

खर्र थांबलं.

ठिणगीने आरसा अंगठ्याने किंचित वळवला आणि त्यात पाहिलं. एकदाच, आणि नीट पाहिलं. मग आरसा परत होता तसा केला.

तिने फोन काढून घरी लावला. पहिल्या घंटेलाच आईने उचलला.

"आई, निघतोय आम्ही."

"आम्ही?" आईने विचारलं.

"हो. दार उघडं ठेव," ठिणगी म्हणाली. "पुढच्या खोलीतला दिवा तेवढा बंद कर."